पाणी देऊनही संत्र्याची झाडे सुकतात: मुळांखालच्या पाण्याचा हिशेब कसा तपासावा

विदर्भातील वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याच्या बागांविषयी एकच तक्रार वर्षातून दोनदा ऐकू येते. पहिल्यांदा ती एप्रिल संपता संपता येते आणि दुसऱ्यांदा पोळ्याच्या आसपास. पाने मलूल होऊन लोंबतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, सकाळी झाडाखाली आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलांच्या) फळांचा सडा पडलेला असतो आणि बागवान म्हणतो, "पाणी तं रोज देऊन रायलो भाऊ, मंग झाड काऊन सुकून रायलं?" त्याचे म्हणणे खोटे नसते. मोटर चालू असते, नळ्यांतून पाणी ठिबकत असते. मात्र त्यातले मुळांपाशी किती थांबले, किती खाली निघून गेले आणि नको त्या महिन्यात किती साचून राहिले, हे कोणी पाहिलेले नसते.

माझे स्वतःचे सांगायचे तर हा हिशेब मी नुकसान झाल्यानंतर शिकलो. त्यामुळे खाली जे लिहिले आहे त्याचा क्रम पुस्तकी नसून, बागेत अडचण आल्यावर ज्या क्रमाने तपासत जावे तो आहे. विहीर किंवा बोअरचे पाणी मोजकेच असलेल्या, सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या, वाढ पूर्ण झालेल्या संत्रा झाडांसाठी तो आहे. मोसंबी आणि लिंबाच्या बागेलाही थोड्या फरकाने तो लागू पडतो.

लक्षण एक, कारणे दोन

सर्वांत मोठी फसगत येथेच होते. तहानलेले झाड आणि पाण्यात गुदमरलेले झाड वरून जवळजवळ सारखेच दिसते. मातीच्या पोकळीत पाणी नसेल तर मुळे काय ओढणार, हे सहज कळते. पण तीच पोकळी पाण्याने गच्च भरली की तिच्यातील हवा बाहेर पडते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि श्वास कोंडलेल्या मुळाला भोवती पाणी असूनही ते वर चढवता येत नाही. परिणामी पान दोन्ही वेळा खाली मान टाकते. शेतकरी मलूल पान पाहून पाण्याचे तास वाढवतो. एप्रिलमध्ये तो उपाय कदाचित बरोबर ठरतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडीप पडल्यावर केला तर तोच उपाय झाडाचा जीव घेतो.

म्हणून पहिली तपासणी वेळेची करावी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पान थोडे मिटणे हा आजार नव्हे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर सशक्त झाडही दुपारी पाने आवळून घेते. सकाळी सूर्य उगवण्यापूर्वी बागेत जाऊन पाहावे. रात्रभरात पान पुन्हा ताठ झाले असेल तर मुळे काम करत आहेत आणि मातीत थोडेफार पाणी शिल्लक आहे. सकाळीही पान लोंबलेलेच असेल तर मात्र दुपारपर्यंत थांबू नये, आणि पाण्याच्या वेळापत्रकाला हात लावण्याआधी खड्डा खणावा.

दोन फुटांचा खड्डा

खड्डा कोठे खणायचा याला महत्त्व आहे. बहुतेक जण खोडाजवळ दोन फावडी माती ओढतात, ओल दिसते आणि समाधानाने परत फिरतात. संत्र्याची अन्नपाणी घेणारी बारीक तंतुमुळे प्रामुख्याने वरच्या एक ते दीड फुटात असतात आणि वाढलेल्या झाडाची ती खोडाजवळ कमी, फांद्यांच्या घेराखाली व त्याच्या कडेला जास्त असतात. तेव्हा एक खड्डा घेराच्या कडेला, एक ड्रिपरच्या थेंबाखाली आणि तुलनेसाठी एक दोन ओळींच्या मध्यावर, असे तीन खड्डे प्रत्येकी दोन फूट खोल घ्यावेत. बागेतील चांगल्या झाडाशेजारी चौथा घेतला तर उत्तम, कारण फरक तेव्हाच डोळ्यांत भरतो.

सहा इंच, एक फूट, दीड फूट आणि दोन फूट अशा चार थरांतून मूठभर माती घेऊन दाबून पाहावी. काळ्या मातीचा लाडू वळला, अंगठ्याने दाबल्यावर तो तुटण्याऐवजी चपटा झाला, पण तळहाताला पाणी लागले नाही, तर ओल योग्य आहे. माती खड्यांसारखी टणक तुकड्यांत फुटत असेल तर झाड त्या थरातून आता काही घेऊ शकत नाही. काळ्या मातीचा खडा आत किंचित दमट दिसला तरी फसू नये, कारण ही माती बरेचसे पाणी इतके घट्ट धरून ठेवते की ते मुळाला सोडत नाही. मूठ दाबताच बोटांच्या फटींतून चिखल येत असेल, मातीला आंबूस किंवा सडका वास येत असेल, कडांवर राखाडी-निळसर छटा आणि गंजासारखे ठिपके दिसत असतील, तर त्या थरात पाणी वरचेवर साचते असे खुशाल समजावे.

त्याच खड्ड्यात मुळेही पाहून घ्यावीत. जिवंत तंतुमूळ पांढुरके-पिवळसर असते आणि ओढल्यावर तुटते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे असते आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येते व आत फक्त दोरा उरतो. माझ्या बागेतील खालच्या कोपऱ्यात पहिल्यांदा ती साल बोटांत आली तेव्हा त्या झाडांना मी गेले दहा दिवस जादा पाणी देत होतो.

वर ओले, कडेला कोरडे

उन्हाळ्यातील तक्रारींत सर्वाधिक वेळा हेच आढळते: खोडाजवळ चिखल आणि घेराच्या कडेला कोरडी, भेगाळलेली माती. याचे कारण ठिबक संच बसवला त्या वर्षात असते. झाड तीन-चार वर्षांचे असताना खोडापासून फूटभर अंतरावर चार ड्रिपर लावलेले असतात. झाड पुढे वाढत जाते, मुळे घेराबरोबर बाहेर सरकतात, ड्रिपर मात्र जिथल्या तिथे राहतात. माझ्याकडे नवव्या वर्षीही तेच चार ड्रिपर होते, तेही ताशी ४ लिटरचे. रोज दोन तास पाणी म्हणजे झाडाला ३२ लिटर झाले. झाड सुकते म्हणून तास दुप्पट केले, तेव्हा ६४ लिटर पाणी त्याच तेवढ्याशा वर्तुळात जाऊ लागले, खोड सतत ओले राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात सात झाडांना डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागला. झाडाची तहान मात्र तशीच राहिली.

उपाय अवघड नाही, पण अर्धवट केल्याने उपयोग होत नाही. झाडाच्या दोन्ही बाजूंनी नळी घ्यावी किंवा नळीचा वेढा घेराच्या आतल्या कडेने फिरवावा, ड्रिपरची संख्या सहा-आठपर्यंत न्यावी आणि खोडाभोवतीचा हात-दीड हाताचा भाग कोरडा राखावा. जे अजूनही पाटाने पाणी देतात त्यांनी खोडाभोवती दुहेरी आळे (मातीच्या दोन गोल वरंब्या) करावे; आतील आळ्याची माती खोडाकडे चढती ठेवावी आणि पाणी फक्त दोन आळ्यांच्या मधल्या पट्ट्यात सोडावे. भेगा पडलेल्या जमिनीत मोकळे पाणी सोडण्यापूर्वी डवरणी (कोळपणी) करून किंवा माती हलकी चाळवून भेगा बुजवणे आवश्यक आहे, अन्यथा पाटाचे पाणी भेगेतून सरळ मुळांच्या खाली निघून जाते, आणि वरून पाहणाऱ्याला मात्र जमीन किती छान पाणी पिते आहे असे वाटते.

ड्रिपरमधून पडणारे पाणी मोजल्याशिवाय हिशेब सुरू करू नये. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असते आणि क्षार बसून ड्रिपर बारीक होत जातात. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली मापाचा ग्लास तीन मिनिटे धरला तर २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. ८ लिटरच्या ड्रिपरचे ४०० जमले पाहिजे. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे मोजावे. शेवटच्या झाडाला दीडशेही मिळत नसेल तर आधी गाळणी धुवावी, नळ्यांची टोके उघडून गाळ वाहू द्यावा, आणि तरी फरक पडला नाही तर आम्लप्रक्रिया करावी. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. हे लिहिण्याचे कारण असे की गावात एकाच्या हाताला त्याची खूण आजही आहे.

कोठारात किती मावते

मुळांच्या दोन फुटांना धान्याचे कोठार समजावे. त्याचे माप जमिनीनुसार बदलते. खोल काळी माती झाडाला घेता येईल असे पाणी ढोबळमानाने मीटरभर खोलीत १५० ते २०० मि.मी. साठवते, मुरमाड, बरड (उथळ, हलकी) जमीन त्याच्या निम्मेही साठवत नाही. दोन फुटांपुरते पाहिले तर काळ्या मातीत सुमारे १०० मि.मी. आणि बरड जमिनीत सुमारे ४० मि.मी. पाणी धरता येईल. यातील निम्मे संपले की झाडाला ओढ बसू लागते, म्हणजे हातात राहिले अनुक्रमे ५० आणि २० मि.मी.

आता खर्च पाहू. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १२ मि.मी.पर्यंत सहज जाते. त्याला पात्राचा गुणांक ०.७ (उघड्या पात्रातून पाणी जास्त उडते म्हणून) आणि पिकाचा गुणांक ०.७ (संत्र्याच्या गरजेप्रमाणे) लावला तर झाडाचा खर्च दिवसाला सुमारे ५.९ मि.मी. निघतो. घेराचा व्यास ५ मीटर असलेल्या झाडाची सावली १९.६ चौरस मीटर असते, म्हणून त्याला रोज ११५ लिटरच्या आसपास पाणी लागते. ठिबकातील तूट धरून १२५ ते १३० लिटर. हिवाळ्यात बाष्पीभवन ४ मि.मी.वर आले की तेच झाड ३८ लिटरमध्ये भागवते. ४ लिटरचे आठ ड्रिपर असतील तर मे महिन्यात चार तास आणि डिसेंबरमध्ये सव्वा तास, असा हा फरक आहे. वर्षभर "रोज दोन तास" चालवणारी बाग म्हणूनच उन्हाळ्यात उपाशी आणि थंडीत तुडुंब असते.

हे आकडे सुरुवातीचे अंदाज म्हणून घ्यावेत. अंतिम शब्द खड्ड्यातील मुठीचा. तरी त्यांचा एक उपयोग फार मोलाचा आहे. ठिबकाखाली सुमारे १२ चौरस मीटर जमीन ओली राहते असे धरले तर काळ्या मातीत झाडाच्या हाताशी ६०० लिटर आणि बरड जमिनीत २४० लिटर पाणी असते. मे महिन्यात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली किंवा मोटर दुरुस्तीला गेली, तर काळ्या मातीतील बाग पाच दिवस धीर धरते आणि बरडावरील बाग दोनच दिवस. टँकर आधी कोणत्या तुकड्याकडे न्यायचा, हे यावरून ठरते. याच कारणाने बरड जमिनीत रोज थोडे पाणी आणि भारी जमिनीत दोन-तीन दिवसांआड एकदम भरपूर पाणी हा नियम ठेवावा. भारी जमिनीत रोज अर्धा तास ठिबक चालवले तर वरचे चार इंच ओले होतात, दुपारच्या उन्हात वाळतात आणि दीड फुटावरचा थर जूनपर्यंत कोरडाच राहतो.

बाष्पीभवन मोजण्यासाठी मी अर्धा कापलेला ड्रम आणि एक पट्टी वापरतो. हवामान केंद्राच्या पात्राइतके ते बिनचूक नाही, पण आठवड्याआठवड्याचा फरक दाखवायला पुरते. पहिल्या आठवड्यात दिवसाला २० मि.मी. पाणी उडाल्याची नोंद झाली आणि मी हादरलो. नंतर कळले की शेजारच्या बकऱ्या येऊन पीत होत्या. आता वर जाळी आहे.

बोअर किती पुरेल हेही याच मापाने मोजावे. दोनशे लिटरचा ड्रम चार मिनिटांत भरत असेल तर बोअर तासाला ३,००० लिटर देते. आठ तासांच्या लाईटमध्ये २४,००० लिटर. एकरी ११० झाडे आणि प्रत्येकी १२० लिटर म्हणजे एकराला रोज १३,२०० लिटर हवेत. चार एकर बागेला मे महिन्यात जवळपास ५३,००० लिटर लागतील आणि आपल्याकडे निम्मेही नाहीत. ही तूट कागदावर दिसली की पुढचा निर्णय भावनेने घेतला जात नाही. येथे बहुतेक जण दुसरे बोअर मारतात. वरुड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की हजार फुटांकडे जाणाऱ्या बोअरच्या गोष्टी आता कोणाला नवलाच्या वाटत नाहीत, आणि खालच्या पाषाणात भेग लागली तरच पाणी मिळते. माझ्या मते आधी खर्चाची बाजू कमी करावी: अर्ध्या बागेला आंबिया आणि अर्ध्या बागेला मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) बहार धरावा, म्हणजे उन्हाळ्यात फळांचा भार निम्म्याच झाडांवर राहील, सल (वाळलेल्या फांद्या) काढावी, अशक्त झाडावरील फळे एप्रिलआधीच विरळ करावीत, आणि जमीन झाकावी.

झाकण्यासाठी आपल्याकडे कुटारासारखी (मळणीनंतरच्या भुशासारखी) वस्तू नाही. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार घेराखाली तीन-चार इंच जाड पसरावे, खोडापासून फूटभर दूर ठेवावे आणि वाळवीवर लक्ष असू द्यावे. एप्रिलमध्ये कुटाराखालची माती हाताने चाचपली की उघड्या मातीपेक्षा ती किती थंड आहे ते कळते, आणि मुख्य म्हणजे तिथे भेगा पडत नाहीत. भेग पडते तेव्हा नुसते पाणी उडत नाही, तंतुमुळेही तुटतात.

शेततळ्याबद्दल एक सावधगिरी. तीस बाय तीस मीटरच्या उघड्या तळ्यातून दिवसाला १० मि.मी. पाणी उडाले तर ते ९,००० लिटर होते, म्हणजे सुमारे ७५ झाडांचे एका दिवसाचे पाणी. तळ्यात पाणी साठवून ठेवून मे महिन्याची वाट पाहण्यापेक्षा ते फेब्रुवारी-मार्चपासूनच वापरावे आणि विहिरीचे पाणी मागे राखावे, हा हिशेब अनेकांना उलटा वाटतो, पण विहिरीतील पाण्याला ऊन लागत नाही.

एक इंच पावसाची चूक

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी गावातील बहुतेक मोटारी बंद होतात. पर्जन्यमापकात २५ मि.मी. दिसले तर कोरड्या काळ्या मातीत ती ओल जेमतेम पाच इंच खाली जाते. बरड जमिनीत फूटभर. पाच इंचांखाली मे महिन्याचीच कोरड असते. त्यावर दहा दिवसांची उघडीप पडली तर उन्हाळाभर जपलेली फळे जूनच्या अखेरीस गळतात आणि दोष खताला दिला जातो. खड्ड्यातील दीड फुटाचा थर ओला होईपर्यंत ठिबक पूर्ण बंद करू नये, फक्त कमी करावे.

पोळ्याच्या सुमारास सुकणारे झाड

आता दुसरी तक्रार. ऑगस्टमध्ये ढगाळ हवेत झाडाचा खर्च दिवसाला दोन-अडीच मि.मी.वर आलेला असतो, कोठार आधीच भरलेले असते आणि एकेका दिवशी ४०-५० मि.मी. पाऊस पडतो. फुगलेली काळी माती एकदा मिटली की तासाला काही मि.मी.पेक्षा जास्त पाणी खाली सोडत नाही. आलेले पाणी वरून वाहून गेले नाही तर ते मुळांतच उभे राहते. चिभड (पाणी साचणाऱ्या) तुकड्यात हे दोन-तीन दिवस चालले की तंतुमुळे मरू लागतात आणि मुळे कुजवणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला रान मोकळे मिळते. नंतर आठ दिवसांची उघडीप पडते, ऊन तापते, उरलेल्या मुळांना तेवढे पाणी पुरवता येत नाही आणि झाड एकाएकी मान टाकते. शेतकऱ्याला वाटते, पाऊस थांबला म्हणून सुकले.

चाचणी सोपी आहे. पावसाळ्यात घेराच्या कडेला दोन फुटांचा खड्डा उघडा ठेवावा आणि पाऊस थांबल्यानंतर चोवीस तासांनी पाहावा. पाणी जमिनीपासून एका फुटाच्या आत उभे असेल तर त्या तुकड्याला चर हवेत. उताराच्या दिशेने दर दोन ओळींनंतर एक फूट खोल, वर दीड फूट रुंद चर काढून तो बागेबाहेरच्या नाल्याला जोडावा. नाल्याला जोडणे हा त्यातील अवघड भाग आहे, कारण नाला बहुधा दुसऱ्याच्या धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) असतो. माझा चर दोन वर्षे धुऱ्यापाशी येऊन थांबत होता. शेवटी मार्चमध्ये शेजारच्या काकाजींना खड्डा दाखवायला नेले. त्यांनी कुजलेले मूळ हातात घेऊन साल सोलून पाहिली आणि म्हणाले, "माह्या वावरातूनच जाऊ दे पाणी, पण पऱ्हाटीत शिरू देऊ नको." धुऱ्याच्या कडेने पाइप टाकून तो प्रश्न सुटला. ही बोलणी उन्हाळ्यातच उरकावी. ऑगस्टमध्ये पाणी तुंबले असताना दोघांचीही डोकी तापलेली असतात.

रोग लागलेल्या झाडाच्या खोडावरील डिंक खरवडून, १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांची बोर्डोमलम जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर लावावी. मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेबयुक्त बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळांशी ओतणे) लेबलवरील मात्रेप्रमाणे करता येते. ती केल्यावर लगेच ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) टाकू नये. मात्र पाणी निघण्याची वाट न करता केलेली आळवणी म्हणजे दुकानदाराची सोय, एवढेच मी म्हणेन.

गवताबाबतही हिशेबानेच चालावे. गवत पाणी खर्च करते. मार्चमध्ये तो खर्च परवडत नाही, ऑगस्टमध्ये मात्र तोच हवा असतो. पावसाळ्यात दोन ओळींमधले गवत उपटून जमीन चकचकीत करण्यापेक्षा ते वाढू द्यावे, फुलावर येण्याआधी कापत राहावे आणि सप्टेंबरअखेर कापून झाडाखाली अंथरावे. घेराखाली मात्र तण नको.

ताण बसत नाही, ही तक्रार

आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत द्यायचा ताण, म्हणजे झाडाला फुले यावीत म्हणून पाणी तोडणे, याच कोठारावर अवलंबून असतो. ठिबक बंद केले तरी पावसाळ्यानंतर सर्व ३६ चौरस मीटर जमीन ओली असते. काळ्या मातीतील ५० मि.मी. म्हणजे झाडामागे १,८०० लिटर; रोजच्या ३८ लिटरने ते संपायला सुमारे ४७ दिवस लागतात. बरड जमिनीत ७२० लिटर, म्हणजे १९ दिवस. जुने बागवान भारी जमिनीला दीड-दोन महिने आणि हलक्या जमिनीला तीन आठवडे ताण सांगतात, त्यामागे हेच गणित आहे. शेजाऱ्याने महिनाभर ताण दिला म्हणून आपणही महिनाभर दिला, तर एकाची बाग फुटत नाही आणि दुसऱ्याची वाळते. मध्येच डिसेंबरात २० मि.मी. अवकाळी पाऊस झाला आणि त्यातील निम्मे जरी मुरले, तरी ताण नऊ-दहा दिवसांनी लांबतो. तारीख धरून पाणी सोडले तर फुलांऐवजी नुसती नवती (कोवळी पालवी) येते. पाने फिकी पडून आवळली आणि पाव भाग पानगळ झाली की ताण बसला असे समजावे. ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यावे, चार-पाच दिवसांनी दुसरे थोडे वाढवावे आणि त्यानंतरच पूर्ण मात्रेवर यावे.

पाण्याचा दोष नसलेली गळ

प्रत्येक पडलेले फळ पाण्याच्या खात्यावर मांडू नये. फळ देठापाशी स्वच्छ तुटलेले असेल तर ओलीतील चढउताराचा संशय घ्यावा. देठाभोवती तपकिरी-काळा डाग पसरला असेल तर बुरशी, आणि फळावर टाचणीएवढे छिद्र व त्याभोवती सडलेले वर्तुळ असेल तर रसशोषक पतंग. पतंगाच्या गळीवर ठिबकाचे तास बदलून काहीही होणार नाही.

खड्ड्यात दीड फुटावर पांढरा चुनखडीचा थर लागला आणि सौम्य आम्लाचे थेंब टाकताच त्यावर फेस आला, तर अडचण वेगळी आहे. तिथे कोठारच उथळ असते आणि मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर ती जमीन संत्र्यासाठी मुळातच योग्य नाही. अशा तुकड्यात बरडाप्रमाणे थोडे-थोडे पाणी देऊन असलेली झाडे सांभाळावीत, नवीन लावू नयेत.

वरील दुरुस्त्या केल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच झाडाखाली, पहिल्या खड्ड्याशेजारी पुन्हा वीतभर माती उकरावी. कुटाराखाली पांढरी नवी तंतुमुळे दिसू लागली असतील तर वर नवती यायला वेळ लागला तरी चालेल. अर्ध्याहून अधिक घेर वाळलेला असेल आणि नवे मूळ एकही नसेल, तर ते झाड पुढच्या पावसाळ्याआधी मुळांसकट काढावे, खड्डा उन्हाळाभर तापू द्यावा आणि तिथे रंगपूर लाईम या लिंबूवर्गीय खुंटावरचे (कलमाला मुळे पुरवणाऱ्या रोपावरचे) कलम उंच गादीवाफ्यावर लावावे. कलमाचा जोड जमिनीपासून नऊ इंच वर राहील, याची खात्री लावतानाच करून घ्यावी.